मिशा कापलेले मासे

प्रिय आर्लीन,

मका गुडघ्याएवढा झाला आहे. आईच्या थडग्यावर दगड अजून बसवला नाही. माती आधी खाली बसू द्यावी लागते म्हणे. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मे महिन्यात एका रविवारी चर्चहून आल्यावर कुंपण बघायला खालच्या डोहाकडे गेलो. काठावरच्या झाडाला तुझ्या आईने ठोकलेला खिळा तुला आठवत असेल. बुलहेड माशाचं डोकं त्यात अडकवून ती पक्कडीने कातडं सोलायची. त्या खिळ्यावर ताजं डोकं लटकत होतं. मी ते काढून फेकलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी नीट पाहिलं. माशाच्या मिशा मुळापासून कापलेल्या होत्या.

आपल्या भागात असं कोणी करत नाही. बुलहेड मिशांनी डंख मारत नाही, कल्ल्यामागच्या काट्यांनी मारतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तुझ्या आईला तिच्या आजीने सांगितलेलं, विष मिशांत असतं. गळासाठी गांडुळं घ्यायला गेली की दुकानातली लिओना विचारायची, "काय हिल्डाबाई, आज किती जणांची हजामत?" ती हसायची आणि कापत राहायची. तरीही काटा टोचलाच, तर माशाचं पोट जखमेवर चोळायची आणि म्हणायची, एखादी मिशी राहिली असेल.

घरी येऊन मागच्या पडवीत पाहिलं, तर तिची कात्री जागेवर नव्हती. म्हणजे तो माणूस घरापर्यंत येऊन गेला होता, आणि कात्री कुठे असते हे त्याला माहीत होतं.

मला विल्मरचा संशय आला. त्याचं शेत आपल्या शेताला लागून. तो चर्चला जात नाही. मला माशांचा वास सोसत नाही, त्यामुळे हिल्डा वर्षानुवर्षं त्याच्याच सोबतीने डोहावर बसायची. मी कधी काही विचारलं नाही. आता मात्र एकेक गोष्ट आठवू लागली. अंत्यविधीला तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता. आजीची रीत बाई परक्या पुरुषाला कशाला शिकवेल? आणि ती गेल्यावर तो ती कशासाठी पाळेल? जेवताना, गाडी चालवताना, मी एवढंच चघळत होतो.

काल रविवारी चर्चला न जाता थेट त्याच्या गोठ्यात गेलो आणि विचारलं. तो दूध काढत होता. हात थांबवले नाहीत.

"ती गेल्यापासून त्या काठावर बसवत नाही मला," तो म्हणाला. मग दुसरा सड धरत, "आणि मिशांचं ते खूळ तुमच्या घरातलं. मला ती कात्रीला हातसुद्धा लावू द्यायची नाही. म्हणायची, लेकीला शिकवलंय तेवढं पुरे. खुळ्या, माझ्यावर कसला डोळा ठेवतोस? तुझ्या घरात आणखी कोण आहे ते बघ की."

परत येताना बांधावरून डोह दिसतो. मी तिकडे न पाहता घरी आलो.

तुझं आणि आईचं काय बिनसलं होतं, ते ना तिने सांगितलं ना तू. अंत्यविधीला तू दिसली नाहीस तेव्हा मी लोकांना सांगितलं की तिला निरोप उशिरा मिळाला. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे टपालात टाकत नाही. मेणकागदात गुंडाळून त्याच खिळ्याला अडकवतो आहे. पुढच्या रविवारीही मी चर्चला जाणार नाही. मासे तिथे सोलू नकोस, वर घेऊन ये. तळायला मक्याचं पीठ आणून ठेवलं आहे. वासाचं मी बघतो. कात्री तुझ्याकडेच राहू दे.

तुझाच,
बाबा