दोन डबे चिखल

ताई, तुला आणि भाऊजींना नमस्कार.

मी मजेत आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, त्यामुळे चिलटं आता फक्त कानाला चावतात.

काल प्रयोगशाळेत एकाच हौदाजवळच्या, हातभर अंतरावरच्या दोन जागांचा चिखल दोन डब्यांत आणला. रंग, वास सारखाच. एकात चिलटांच्या शेकडो अळ्या वळवळत होत्या, दुसऱ्यात एकही नाही. फरक निघाला मातीतल्या क्षारांचा, तोही चिमूटभर. मी जेवण विसरून बघत बसलो. जे कळायला आम्हाला मशीन लागतं, ते एवढ्याशा चिलटाला अंडी घालतानाच कळतं.

आपल्या मेंढ्या चिलटं चावून रोग लागून दगावल्या, तेव्हा ‘त्यांना पाणी पाजायची जागा बघायला डोळे नव्हते का?’ असं मी तुला बोललो. डोळ्यांना ते दिसतच नाही गं.

उरलेल्या दोघी चरतात ना? त्या पाण्याजवळची मूठभर माती पाठव. रागाने का होईना, सोबत दोन ओळी लिही.

तुझा धाकटा