चुलीच्या बाजूची खाट

नेब्रास्का, ३ मार्च १८७९

प्रिय लव्हिनिया वहिनींना,

टोबायसचा नमस्कार. तुम्ही आणि दोन्ही मुली सुखरूप असाल. इकडे बर्फ वितळायला लागलाय. लाल गाय व्यायली. लढाईत गोळी लागलेला माझा पाय थंडीत ठणकतो, पण चालायचंच.

तुमचं पत्र पोचलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच फोडलं होतं. ओरिनदादाची एकशेसाठ एकर जमीन माझ्या नावावर होणार, हरकत घ्यायची तर मार्चअखेरपर्यंत घ्या, असा कचेरीचा कागद तुम्हाला गेला होता. आणि तुम्ही लिहिता, ‘जमीन गेली तर गेली. जुलैपासून ते तुमच्या बाजूला, चुलीजवळ झोपत होते हे त्या कागदात वाचलं आणि जीव निवला. मी हरकत घेणार नाही. देव तुमचं भलं करो.’

वहिनी, असं लिहायला नको होतं तुम्ही.

घराचं तुम्हाला दादानं कळवलंच असेल. आमच्या जमिनी लागून. सरकारी नियम असा की ज्यानं त्यानं पाच वर्षं आपल्याच जमिनीवर राहायचं, मग ती त्याच्या नावावर; मध्ये सहा महिने नाही राहिला तर हक्क गेला. दोन घरं बांधायची ताकद कुणात होती? इकडे बरेच जण करतात तेच आम्ही केलं. ऐन हद्दीवर एकच मातीचं घर, आत जमिनीवर रेघ. जेवायचं एकत्र, झोपायचं आपापल्या बाजूला. चूल एकच, ती माझ्याकडे आली. लष्करातली वर्षं सरकारनं वजा धरली होती, त्यामुळे दादाचे दोनच महिने उरले होते. तो वारल्यावर ते दोन महिने तुम्ही येऊन काढले असते, तरी जमीन तुमची झाली असती.

जानेवारीत वादळ आलं, ते चार दिवस हललं नाही. दादाचा खोकला शत्रूच्या कैदेतला, जुना. तो छातीत उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, “टोबी, माझी खाट चुलीकडे ओढ रे. असल्या वादळात सरकार काय बघायला येतंय?”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो. “दोन महिन्यांसाठी जमीन घालवतोस? वहिनी काय म्हणतील मला?”

“तुला सार्जंट केलं नाही तेच बरं झालं,” तो हसून म्हणाला. पुन्हा काही त्यानं मागितलं नाही.

नियमाचं काही नव्हतं, वहिनी. मला त्याच्या खोकल्याचा वैताग आला होता आणि उठायचं जिवावर आलं होतं. तुमचं नाव उगाच पुढे केलं. कैदेत दोन हिवाळे आम्ही एकाच कांबळ्यात काढले, तेव्हा वाऱ्याची बाजू त्यानं स्वतःकडे घेतली होती.

चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तो गेला होता. वारा पडला होता. आता शेजारचा ओस्मुंड येईल, बघेल, म्हणून मी खाट त्याच्यासकट चुलीपाशी ओढली. लोक काय म्हणतील एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ओस्मुंडनं टोपी काढली. भावाला ऊब दिलीस, चांगलं केलंस, म्हणाला. मग शवपेटीच्या फळ्या कापता कापता सहज म्हणाला, की दादा इकडेच झोपत असेल तर त्याची जमीन हातची गेली म्हणायची. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. वाकडं माझ्या मनात आलं.

कचेरीत बायबलवर हात ठेवून मी खोटं सांगितलं, की दादा जुलैपासून, म्हणजे सहा महिने, माझ्याच बाजूला झोपत होता. पुरावा म्हणून ओस्मुंडनं पाहिलेली खाट सांगितली.

तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी गप्प राहिलो असतो. तुमचे आभार मात्र मला सोसेनात, म्हणून हे लिहिलं. हे पत्र कचेरीत दाखवलंत तर जमीन तुमची होईल, खाली माझी सही आहे. ते मला कळतं. पण दादाच्या बाजूची माती काळी आहे, आणि तिथं गहू पेरायचं मी ठरवलंय.

टपाल इथून दर शनिवारी जातं. हे पत्र मी पाच एप्रिलच्या शनिवारी टाकणार आहे. हरकतीची मुदत एकतीस मार्चला संपते.

मुलींना काकाचे आशीर्वाद.

तुमचा दीर,
टोबायस