मुकादमाचं वजन

मंगळवार, १८ जून

सकाळी सहाला उठलो. दूध तापवलं. नऊ वाजता मुकादमाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, साडेअकराला परत आणलं. दुपारी थोडा पडलो. आता चार वाजता तुम्हाला लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप ताईंस नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिना चढताना कठड्याला धरत जा. तुमच्या जावईबापूंचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होतो, पण तसं लिहिण्यासारखं आज उरलेलं नाही.

मुकादम खंगत चालला आहे हे मी मागच्या पत्रात कळवलं होतं. ते वाचून तुम्ही येत्या शनिवारी गाडी घेऊन येता, त्याला कायमचा तुमच्याकडे नेता, असं लिहिलंत. त्यात तुमची काही चूक नाही. आकडेच तसे होते. तुमची बहीण होती तेव्हा तो अठरा किलो होता. एप्रिलमध्ये सतरा भरला, मेमध्ये पंधरा, या महिन्यात चौदा. (हे आकडे मी स्वतः काढले आहेत. बत्तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, तेव्हा आकड्याला मी कच्चा नाही, असा माझा समज होता.)

खाण्यात मी हयगय केली नाही, हे मात्र तुम्ही मानलं पाहिजे. ती त्याला निळ्या पेल्याने मोजून अर्धा पेला भात, थोडं उकडलेलं चिकन आणि गाजर द्यायची, मीठ अजिबात नाही. वजन उतरू लागल्यावर मी पेला पूर्ण भरला. मग अंडं वाढवलं, मग कलेजी, मग चहाबरोबर बिस्किटं. शेवटी माझ्या ताटातलं अर्धं त्याच्यापुढे ठेवू लागलो, कारण तो बघत बसतो आणि कुणी बघत असलं की मला घास उतरत नाही. (कुणी बघत नसलं तरी उतरत नाही, पण तो मुद्दा वेगळा.) एवढं करून तो दिवसेंदिवस मलूल. पोस्टमनवर भुंकणं बंद, चेंडूकडे मान वळवून बघणं बंद. केसांची चकाकी गेली. फिरायला नेलं की चौथ्या खांबापाशी बसकण मारायचा आणि मी त्याला उचलून दोन मजले वर आणायचो. दिसायला तो चांगला गरगरीत दिसत होता, नाही असं नाही. पण डोळ्यांवर विसंबू नका, काट्यावर विसंबा, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

आज डॉक्टरीणबाईंनी (वयाने तुमच्या धाकट्या लेकीएवढ्या असतील) त्याला टेबलावर घेतलं, पोट दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, हा चौदा किलोचा? अहो, ह्याचं नुसतं पोटच चौदा किलोचं आहे." मग त्यांच्या मोठ्या काट्यावर उभा केला. तेवीस. मी खाली वाकून काट्याची पातळी तपासली. पातळी ठीक होती.

"घरी कसं तोलता?" त्यांनी विचारलं.

मुकादम काट्यावर एकटा उभा राहत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला कडेवर घेऊन आधी दोघांचं वजन करायचं, मग आपलं वजा करायचं. तुमची बहीण हे दर एक तारखेला करायची आणि दोन्ही वेळा मला भिंतीकडे तोंड करून उभं करायची. तिचा आकडा मला कधी कळला नाही, फक्त वजाबाकी कळायची. ती गेल्यावर मी त्याला घेऊन उभा राहू लागलो. माझं वजन वीस वर्षं बहात्तर आहे, ते पुन्हा कशाला बघायचं? दोघांचे शहाऐंशी, वजा बहात्तर, उरले चौदा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा तर वाढलाय. मग कमी कोण झालं?"

ती वजाबाकी मी तिथे केली नाही. घरी येताना जिन्यात केली. त्रेसष्ट. खालच्या शिंप्याने गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा माझी पँट आत घेताना विचारलं होतं, "काका, ही नक्की तुमचीच ना?" मी म्हटलं, धुऊन धुऊन सैल होते. कापडाचा दोष त्याने मान्य केला नाही, पण वादही घातला नाही.

म्हणजे माझ्याकडून नऊ किलो गेले. त्यातले पाच मुकादमाकडे सापडले. उरलेले चार कुठे गेले ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे.

त्याला आता पुन्हा अर्धा पेला, लाल भोपळा आणि दोन वेळा चालणं सांगितलं आहे. बिस्किटं पूर्ण बंद. त्याला काही आजार नाही, दोन महिन्यांत पहिल्यासारखा पळेल म्हणाल्या. सर्वांना माझी आठवण सांगा.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. वरचे सगळे आकडे रद्द समजावेत. तो खंगलेला नाही, तेव्हा त्याला नेण्याचं कारणही उरलं नाही असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर तो तुमच्या बहिणीचाही कुत्रा आहे, मी अडवणार नाही. पण नेऊ नका.

ता. क. २. शनिवारी मात्र याच. जेवायलाच या. ती भाताला पाणी किती घालायची, तेही सांगा. मुकादमाला माझा चिकट भात चालतो, मला चालत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी काटा सपाट फरशीवर ठेवला, शून्यावर आणला आणि एकटा उभा राहून पाहिलं. मुकादम भिंतीकडे तोंड करून झोपला होता. काटा बरोबर आहे. आता भात लावतो.