संचिताचा जोडविषय आणि दोन किलो माती

मीरा रोड (पूर्व)
सोमवार, २८ जून २००४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. पंढरीनाथ भावोजींना धाकटा मेहुणा उत्तम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या तळव्यावर कुदळीने आलेला फोड अजून सुकतोय, तरी हात पूर्ण जोडले आहेत).

तुमचा गुडघा कसा आहे? तेल दहा मिनिटं चोळायचं असतं, सहा नव्हे. शेवंतीताई सहालाच थांबते हे मला माहीत आहे, तिला घड्याळ समोर ठेवायला सांगा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा साईराज सुट्टीहून परत आला तेव्हा बावन्न किलो होता, आता साडेत्रेपन्न भरला. (स्टेशनवरच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारखान्यातल्या काट्यावर पुन्हा तोलला.) फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि माझा क्रम चुकतो. तेव्हा कृपा करून पहिल्या ओळीपासून वाचावं. ताईला कुठलंही पत्र शेवटून वाचायची खोड आहे, तिच्या हाती हे नंतर द्यावं.

गोष्ट आमच्या संचिताच्या कॉलेजची आहे. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला मुख्य विषयाच्या जोडीला एक छोटा, पुढे कामाला येईल असा विषय घ्यावा लागतो. मी त्याला जोडविषय म्हणतो (कॉलेजातलं इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि त्यातून काही बोध होत नाही). संचिता आणि साईराज, दोघांचा मुख्य विषय वनस्पतिशास्त्र. जोडविषयांची यादी मे महिन्यातच फळ्यावर लागली. ती मी स्वतः अर्धी रजा टाकून उतरवून आणली, वर त्यातल्या दोन चुका क्लार्कच्या नजरेस आणून दिल्या, त्याबद्दल त्याने आभार मानले नाहीत. यादीत पाच विषय होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्या विषयाला पंधरा विद्यार्थी मिळणार नाहीत तो चालवला जाणार नाही, आणि फॉर्मची मुदत शनिवार, २६ जून, दुपारी बारा. संचिताने सरळ चौथ्या विषयावर बोट ठेवलं. मृदाशास्त्र आणि बागायती. म्हणजे माती.

घरात जे व्हायचं ते झालं. स्वातीचं म्हणणं, कॉम्प्युटर घे. "मातीतून वर यायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या, आणि ही तिसऱ्या मजल्यावरून परत खाली उतरतेय!" तुमचाही फोन आला होता की साईराजला कॉम्प्युटरच, पक्कं, त्यामुळे स्वातीचं बळ दुप्पट झालं. संचिता भांडत नाही, ती फक्त जेवण कमी करते. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जाहीर केलं की निर्णय मी राखून ठेवतोय. (स्वाती म्हणाली, "तुम्हाला कोणी विचारलंय?" पण निर्णय राखून ठेवायला कोणी विचारावं लागत नाही.)

भावोजी, मी नववीपर्यंत शिकलो हे तुम्ही जाणता. पुढचं सगळं माझं मी. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) वाचायला शिकलो तो एका फाटक्या इंग्रजी पुस्तिकेवरून, शेजारी डिक्शनरी ठेवून. आज भाईंदरच्या आमच्या कारखान्यातून स्टीलचा एक डबा माझ्या तपासणीशिवाय बाहेर पडत नाही. झाकण बसताना 'टक्' वाजलं पाहिजे, 'टुक्' वाजलं की डबा परत. तेव्हा मी ठरवलं, विषयसुद्धा नगासारखा तपासायचा. नमुना काढायचा आणि पाहायचा. न्याय समान हवा म्हणून आधी कॉम्प्युटर घेतला. नया नगरातल्या सायबरवाल्याकडे एक तास बसलो. तो म्हणाला, "अंकल, सतरा इंच का मॉनिटर है." मी टेप लावली. दिसणारा पडदा भरला सोळा इंच. वर मलाच म्हणतो, "सब ऐसा ही बोलते हैं." ज्या विषयाची सुरुवातच एक इंच खोट्याने होते, त्याबद्दल मी त्या दिवशी वहीत फक्त 'शंकास्पद' एवढंच लिहिलं.

मग माती. आमचा माल काशीमीऱ्याच्या गोदामात नेणारा टेंपो गॅब्रियल चालवतो. त्याची भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावात वाडी आहे, आणि खाडीच्या अंगाला एक खालची पट्टी, जिथे गवतसुद्धा नाराजीने उगवतं. त्या पट्टीत यंदा आंब्याची वीस कलमं लावायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, थांब, आधी शास्त्रोक्त माती-परीक्षण करू. रविवारी, २३ मे रोजी, मी, संचिता आणि साईराज बसने डोंगरीला गेलो. संचिताने पुस्तकात पाहून सांगितलं: नागमोडी चालत नऊ जागा धरायच्या, प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल खड्डा, सगळी माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत शेवटी दोन किलो ठेवायची. वीतभर हे माप नाही, म्हणून मी बावीस सेंटिमीटर ठरवलं आणि तेवीस झालेले दोन खड्डे बुजवून पुन्हा खणले. गॅब्रियल बांधावर बसून पाहत होता. "उत्तमभाऊ, माती काढताय का बावडी खणताय?" त्याची बायको टेरेझा म्हणाली, "खणू दे रे, फुकटचा गडी हाय." मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी संचिता कॉलेजच्या शिबिराला चार दिवस गेली, साईराज तुमच्याकडे गावाला आला, आणि नमुना माझ्या ताब्यात राहिला. जाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, सावलीत वाळवा आणि ठाण्याच्या प्रयोगशाळेत द्या." आता आमच्या धंद्यातला पहिला नियम काय? तेलकट नगाचं माप घ्यायचं नाही. आधी धुवायचा, पुसायचा, मग माप. घाणीचं माप घेतलं तर अहवालही घाणीचाच येतो. मी पिशवी उघडली तर आत मुळं, शिंपल्यांचे तुकडे आणि सगळीकडे पीठ सांडल्यासारखी पांढरी पूड. असा नमुना सरकारी माणसासमोर ठेवायचा म्हणजे डोंगरीची अब्रू जायची. मी माती परातीत घेतली आणि तीन पाण्यांनी स्वच्छ धुतली. गढूळपणा गेला, पूड गेली, खाली लख्ख कण राहिले. वाळवून तोलली तर अर्धा किलो भरली, आणि प्रयोगशाळेला अर्धाच किलो हवी होती! स्वाती दारात उभी राहून म्हणाली, "बावीस वर्षांत वाटीभर डाळ धुतली नाहीत, आणि माती धुताय, तीही तीन पाण्यांनी!" धुतलेलं पाणी मी वाया घालवलं नाही (आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं). मातीचं सत्त्व आहे, असा विचार करून बाल्कनीतल्या तिच्या मोगऱ्याला घातलं.

भावोजी, तुम्ही खारेपाटातले. तुम्ही आता हसत असाल. हसून झालं की पुढे वाचा.

चौदा जूनला अहवाल आला. क्षार नगण्य, कोणत्याही फळझाडास अडचण नाही, खाली गोल शिक्का. मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून डोंगरीला नेला आणि गॅब्रियलला वाचून दाखवला. त्याने पट्टीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला आणि म्हणाला, "कागद गोड हाय, माती न्हाय." मी म्हटलं, जिभेला शिक्का नसतो. मग खड्डे किती बाय किती, दोन झाडांत अंतर किती, हे त्याला लिहून दिलं आणि रविवारी कलमं लावायचा मुहूर्तही ठरवून आलो.

तिकडे घरात मोगरा करपत चालला होता. स्वातीचा संशय वरच्या मजल्यावरच्या भाभीवर. ती बाल्कनी साबणाने धुते आणि पाणी खाली येतं. आठवडाभर रोज सकाळी जिन्यात स्वातीचं "भाभी, आप का साबुन हमारे मोगरे को खा गया" आणि वरून "अरे, मैं तो सादे पानी से धोती हूँ!" मी त्यात पडलो नाही (अहवालाच्या झेरॉक्स काढत होतो).

शनिवारी, एकोणीस तारखेला, संचिताने अहवाल नीट वाचला. वाचता वाचता थांबली. "बाबा, खाडीकाठच्या खाजणातल्या मातीत चिकणमाती फक्त चार टक्के? ही माती आहे की रांगोळी?" मी म्हटलं, शिक्का बघ. ती अहवाल घेऊन विचार करायला बाल्कनीत गेली, आणि पाच मिनिटांनी तिने आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. तिच्या हातात मोगऱ्याचं पान होतं, टोकापासून कडेकडेने जळलेलं, मध्ये हिरवं. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसला होता. तिने त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. म्हणाली, "आई, साबण नाही हा. मीठ आहे. ह्या कुंडीत डोंगरीची खाडी ओतली आहे कोणीतरी." मी स्वतःहून पुढे झालो. (साईराज म्हणेल की मला हाताला धरून पुढे आणलं. तो तेव्हा हसून जमिनीवर लोळत होता, त्याची साक्ष धरू नये.) मी म्हटलं, विशेष काही केलं नाही, फक्त नमुना स्वच्छ केला.

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, साधारण अर्धा मिनिट. पण भावोजी, खरं सांगतो, ऊर भरून आला. इतकी वर्षं मी तपासणीवर आहे. समोरच्या नगातला दोष कोणीही दाखवील. पण नगातून दोष निघून गेलाय, आणि तो गेला कुठे हे घरातल्या घरात, यंत्राशिवाय, एका पानावरून आणि जिभेच्या टोकावरून शोधणारी तपासणी मी पाहिली नव्हती. आणि ती माझ्या मुलीने केली. मी तिला सलाम केला. ती म्हणाली, "बाबा, सलाम नंतर. उद्या गॅब्रियलकाका कलमं लावणार आहेत ना?"

रविवारी पहिल्या बसने आम्ही डोंगरीला पोचलो. खालच्या पट्टीत वीस खड्डे माझ्या मापाने तंतोतंत खणलेले, आणि एकाही खड्ड्यात झाड नाही. कलमं सगळी वरच्या बाजूला, घराजवळ. गॅब्रियल म्हणाला, "मी काय येडा हाय? पण तू एवढं लिवून दिलंस, तुझा मान म्हणून खड्डे खणले." संचिताने त्याच पट्टीतली माती पुन्हा काढली (खणायला मी, म्हणून हा फोड), आणि गोड्या पाण्याने मीठ खाली कसं उतरवायचं, चर कुठून काढायचा, यावर ती आणि गॅब्रियल दोन तास बोलत बसले. मला मध्ये एकदाच विचारलं, टेप आहे का म्हणून.

घरी येऊन तिने मोगऱ्याच्या कुंडीचं भोक मोठं केलं आणि चार दिवस बादली बादली पाणी घालून मीठ खालून काढलं. गुरुवारी एक नवं पान दिसलं. स्वातीने ते पाहिलं आणि नारळाच्या वड्यांची ताटली घेऊन वर गेली. "भाभी, गलती हमारे घर का ही था" हे मी जिन्यातून स्वतः ऐकलं. खाली येऊन संचिताला म्हणाली, "घे बाई तुझी माती." म्हणजे मी राखून ठेवलेला निर्णय शेवटी माझ्या अंदाजाप्रमाणेच लागला.

पण शुक्रवारी संध्याकाळी मातीच्या विषयाला नावं होती चौदा. कॉम्प्युटरला एकसष्ट. संचिता त्या रात्री जेवलीच नाही. कळवायला अभिमान वाटतो की शनिवारी दुपारी एक वाजता यादी लागली तेव्हा मृदाशास्त्राखाली पंधरा नावं होती. मी दोनदा मोजली. विषय सुरू झाला.

इथे थांबतो. सहावं पान घातलं तर पाकीट फुगतं. ताईला आणि घरातल्या सर्वांना माझी आठवण सांगावी.

तुमचा,
उत्तम

ता. क. १: यादीतलं पंधरावं नाव साईराजचं आहे.

ता. क. २: फॉर्मवर 'पालक किंवा स्थानिक पालक' असा रकाना असतो. तिथे शनिवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मी सही केली. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण मुलावर जबरदस्ती झालेली नाही. तोच म्हणाला, "मामा, आमच्या खालच्या खाचरात खारं पाणी शिरलंय, ते कॉम्प्युटरने निघणार आहे का?" मी पेनाचं टोपण काढलं. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर कळवावं, मी क्लार्कशी बोलेन. नसेल तर पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्या खाचरातली माती काढायला येतोय. मी हात लावणार नाही, फक्त खणीन.

ता. क. ३: हा माझा, स्वातीचा. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहितेय. भावोजी, यांनी सही केली हे खरं, पण सुवाच्य हवी म्हणून पूर्ण नाव, गाव, तारीख आणि वेळ घातली, आणि ते सगळं प्राचार्यांच्या रकान्यात गेलं. क्लार्कने फॉर्म घेतला नाही. मला यांचा स्वभाव माहीत, म्हणून मी शुक्रवारीच एक कोरा फॉर्म जास्तीचा आणला होता आणि मुलांबरोबर गेले होते. जो फॉर्म क्लार्कने घेतला त्यावर सही माझी आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी ऐकून घेईन. साईराज मनापासून अभ्यास करतोय. यांना मात्र यातलं काही कळवू नका, मुलांनीही शपथ घेतली आहे. पंधरावा विद्यार्थी आपल्या सहीने मिळाला, हे यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून झालंय. यांना उत्तर लिहाल तेव्हा एवढंच लिहा, की तुमच्या सहीवर आमचा भरवसा आहे.