नवमीची सवाष्ण आणि मुद्दा क्रमांक चार

सांगली,
सर्वपित्री अमावास्येचा आदला दिवस

तीर्थस्वरूप अक्का यांस, वयाने मोठा परंतु नात्याने धाकटा असलेल्या नाथाजीचा वाकून नमस्कार. माझा रक्तदाब मर्यादेत आहे, साखर मर्यादेबाहेर आहे (कारण पुढे येईल). सुभेदारसाहेबांचा नवा गुडघा किती वाकतो ते कृपया अंशांत कळवावे. फोनवर ते केवळ 'एक नंबर' म्हणतात, आणि अठ्ठावीस वर्षे सैन्यात काढलेला मनुष्य कळ सोसतानाही 'एक नंबर'च म्हणतो, हे आपण व मी दोघेही जाणतो.

परवा आपण फोनवर विचारलेत, "नवमी नीट झाली का हो?" मी 'यथासांग' एवढे बोलून फोन ठेवला. ते उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे टिपण्या लिहिलेल्या मनुष्याला अपुरे उत्तर खोट्याहून अधिक बोचते, म्हणून हा सविस्तर खुलासा.

आपणांस ठाऊक आहेच की आपली धाकटी बहीण, माझी संयोगिता, सौभाग्यवती गेली, आणि तिच्या वर्षश्राद्धानंतरची ही पहिलीच अविधवा नवमी. त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालावी, तिची ओटी भरावी, एवढेच कर्तव्य. आपण येणार होतात, परंतु गुडघा आडवा आला. मग मी सवाष्णींचा तक्ता तयार केला. पितृपक्षात कावळे आणि सवाष्णी यांना एवढी मागणी असते, याची मला आजवर कल्पना नव्हती. हे खाते संयोगिताकडे होते. शेजारच्या डॉक्टर अंकिता दुपारी चारपर्यंत काहीच खात नाहीत (हे व्रत नव्हे, वजनासाठी आहे). ब्यूटी पार्लरच्या सोनियाताईंना सासूबाई पितरांचे जेवू देत नाहीत. अखेर बँकेतल्या उत्कर्षाताईंनी होकार दिला. त्यांच्या नावापुढे मी 'निश्चित' असा शेरा मारला आणि निश्चिंत झालो.

येथे एक दुसरा विषय मध्येच घ्यावा लागतो, क्षमा असावी. आमच्या इमारतीखाली एक फोटो स्टुडिओ होता. पुराचे पाणी शिरले तेव्हापासून तो बंद आहे. त्याच्या पायरीवर गेल्या चार महिन्यांपासून एक बाई वास्तव्यास होती. एक गाठोडे, एक स्टीलचा डबा, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. पेठेतील सर्वांचे म्हणणे पडले की भर बाजारात हे दृश्य शोभत नाही, गिऱ्हाईक बिचकते, आणि असल्या लोकांना सवय लागते. (कसली सवय, असे कोणी विचारले नाही. मीही नाही.) मोबाईलचे दुकान चालवणारे श्री. यशराज यांच्या अध्यक्षतेखाली रहिवासी समिती स्थापन झाली, आणि माझी भाषा शुद्ध असल्यामुळे चिटणीसपद माझ्याकडे आले. मी पालिकेला अर्ज लिहिला. अकरा मुद्दे, दोन जोडपत्रे, एक्केचाळीस सह्या. अक्का, आत्मप्रौढीचा दोष पत्करून सांगतो, निवृत्तीनंतर माझ्या हातून इतका बांधेसूद मजकूर उतरला नव्हता. संयोगिता गेल्यानंतर कोणीतरी मला काहीतरी करायला सांगितले होते, हेही त्याचे एक कारण असावे.

नवमीच्या दिवशी सकाळी साडेअकराला उत्कर्षाताईंचा फोन आला की बँकेत तपासणी लागली आहे, येता येत नाही. स्वयंपाकाच्या मनुबाई शेवटची पुरणपोळी तव्यावरून उतरवत होत्या. त्यांना स्वतःला पानावर बसता येत नव्हते, त्यांचे यजमान जाऊन बारा वर्षे झाली. मी तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. मनुबाईंनी उलथने खाली ठेवले, त्या खिडकीतून डोकावल्या आणि म्हणाल्या, "आवं साहेब, खाली बसलीय की एक. कपाळभर कुंकू हाय." मी त्यांना समजावले की सदर महिलेविरुद्ध माझ्याच सहीचा अर्ज कार्यवाहीसाठी प्रलंबित आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "अर्ज ऱ्हाऊ द्या वो. पोळ्या निवाय लागल्या."

आवतण स्वतः जाऊन द्यावे असा आपल्या घरचा शिरस्ता. म्हणून मी अंगात सदरा घालून, हातात कुंकवाच्या अक्षता घेऊन जिना उतरलो. मला पाहताच बाईने गाठोडे उचलले. "उठती साहेब, उठती. पायरी झाडून ठेवलीया." मी म्हणालो, "सौभाग्यवती, आज आमच्या घरी नवमी आहे. आपण भोजनास येऊन आम्हांस उपकृत करावे." तिने मागे वळून पाहिले, कोणाशी बोलणे चालले आहे म्हणून. मागे स्टुडिओचे शटर होते. मग माझ्या हातातल्या अक्षतांकडे पाहत तिने विचारले, "कुणाची नवमी?" मी सांगितले. ती म्हणाली, "मालक तिकडं मिरजंला खाटंवर, अन् मी हितं पुरणपोळी खाऊ व्हय? त्येंचा डबा भरून देनार असला तर येती." या अटीवर मला कोणताही कायदेशीर आक्षेप घेता आला नाही.

तर ही सुलाबाई. जत तालुक्यातील, मेंढरे राखणारे कुटुंब. यजमान सिद्धू. मेंढरे रस्त्याने नेताना गाडीने उडवले, पायात सळई बसली आहे, चार महिने मिरजेच्या दवाखान्यात आहेत. पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाला रात्री राहू देत नाहीत. म्हणून ती येथल्या एका खानावळीत सकाळ-संध्याकाळ भांडी घासते, दुपारच्या बसने मिरजेला डबा पोहोचवते आणि रात्री पायरीवर पाठ टेकते. मी विचारले, "मग आपण भीक मागत नाही?" (हा प्रश्न पानावर बसलेल्या सवाष्णीला विचारू नये, हे मला विचारून झाल्यावर सुचले.) ती म्हणाली, "म्या कवा मागितली? डोळा लागला की लोकच फुडं नाणी टाकून जात्यात. परत द्याया पळावं, तर लोक आनी जोरात पळत्यात. अन् मागितली असती तर पोळी वाडली नसती व्हय?" मनुबाई हसता हसता वरण सांडत्या झाल्या. मला संयोगिता आठवली. ती म्हणत असे, भुकेल्याचा अर्ज तपासायचा नसतो. तेव्हा मी तिला व्यवहार शिकवला होता.

दुसरी पोळी वाढत असतानाच यशराज यांचा फोन आला. "काका, अभिनंदन! आपल्या अर्जावर गाडी आली! पण ती बाई जाग्यावर नाही हो." मी म्हणालो, "ती पानावर आहे." पुढच्या दोन मिनिटांत अध्यक्ष यशराज आणि पालिकेचे श्री. अमृत असे दोघे माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. (चपला बाहेर काढल्या होत्या, हे नमूद करतो.) श्री. अमृत हा सौम्य मुलगा. त्याने नियमाप्रमाणे अर्ज काढला आणि वाचू लागला. मुद्दा क्रमांक चार: "सदर महिला ही सुदृढ असूनही कोणतेही काम न करता नागरिकांच्या दयाबुद्धीचा गैरफायदा घेत दिवसभर निद्रिस्त असते." हात पुरणात तसाच ठेवून सुलाबाई ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "हे माझ्यावर हाय?" श्री. अमृत यांनी मान हलवली. "कुणी लिवलंय? लय झ्याक लिवलंय. माझ्या लग्नपत्रिकेत बी येवढं न्हवतं माझ्यावर."

अक्का, पस्तीस वर्षांत माझ्या मसुद्याची इतकी मनापासून तारीफ कोणी केली नव्हती. मी म्हणालो, "मी लिहिले." तिने पानातल्या पोळीकडे पाहिले. मग म्हणाली, "अन् वाडाय बी तुमीच. बरं. आता गाडी मला कुठं घिऊन जानार? मालकाचा डबा चारला पोचाय पायजे." तिचा सारा जीव त्या चारच्या डब्यात होता. ती शिव्या देती तर मी उभा राहू शकलो असतो.

श्री. अमृत म्हणाले, निवाऱ्यात जागा पाहावी लागेल, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, आज नोंदणीतच संध्याकाळ होईल. मग हळूच म्हणाले, "साहेब, बेघर असली तर न्यायची. घराचा पत्ता असला तर माझं काम संपलं." मला भांडता येत नाही, आपणांस ठाऊक आहे. मला अर्ज लिहिता येतो. मी फळीवरचा कागद ओढला आणि ओट्यावरच लिहिले: "विषय: संदर्भाधीन अर्ज मागे घेणेबाबत. उपरोक्त महिला ही अर्जदाराच्या घरची नवमीची सवाष्ण असून त्याच पत्त्यावर मागील खोलीत, पतीचा उपचार संपेपर्यंत, वास्तव्यास आहे. मुद्दा क्रमांक चार हा अर्जदाराच्या अज्ञानातून उद्भवला." सही केली, तारीख घातली. मागील खोलीत काय आहे, हे सही केल्यावर आठवले. तेथे संयोगिताचे कपाट आहे, आणि ती खोली दीड वर्षात मी उघडली नव्हती.

श्री. यशराज यांनी ओट्यावर वाकून लिहिणाऱ्या माझे छायाचित्र काढून पेठेच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. ज्या एक्केचाळीस जणांनी अर्जावर सह्या केल्या, त्यांपैकी तेहतीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात सहा गाद्या, एक बिघडलेली शेगडी आणि व्यायामाचा धावपट्टा जमा झाला. (पेठेला दया आली की ती अडगळीसकट येते.) तरी नोंद करतो की दुसऱ्या दिवशी सोनियाताईंच्या सासूबाई, ज्या पितरांचे जेवू देत नव्हत्या, स्वतः मिरजेला डबा घेऊन गेल्या, आणि उत्कर्षाताई रविवारी सिद्धूंच्या अपघात-भरपाईचे कागद लावून देणार आहेत. पुढील आठवड्यात सिद्धूंना दवाखान्यातून सोडतील, मग एक दिवसाआड पट्टी. येथूनच ने-आण करता येईल. सुलाबाई रोज मला विचारते, "साहेब, आज काय लिवलं?" उरलेल्या पोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून मीच खाल्ल्या. साखरेचे कारण ते.

सुभेदारसाहेबांस दंडवत. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला,
नाथाजी

ता.क. मूळ अर्ज पुन्हा तपासता असे आढळले की सही क्रमांक सात आपली आहे. श्रावणात आपण दोन दिवस येथे होतात, तेव्हा मी तो चहाबरोबर आपल्यापुढे ठेवला होता. आपण न वाचता सही केलीत. मी वाचून केली होती. तेव्हा दोष कोणाचा अधिक, हे आपण ठरवू नये.

ता.क. २. आता ज्यासाठी पत्र लिहावयास घेतले ते. ओटीची तयारी तक्त्यात होती, परंतु साडी तक्त्यात नव्हती. ती नेहमी संयोगिता आणत असे. दुसरा उपाय नव्हता, म्हणून कपाट उघडले. वरचीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवी इरकल काढली आणि डोळे नीट न उघडताच सुलाबाईच्या ओटीत घातली. ती नेसून ती चारच्या आत वॉर्डात पोहोचली, तेव्हा सिद्धूंनी विचारले म्हणे, "कुणाचं लगीन गं?" चार महिन्यांत ते प्रथमच हसले. रात्री ते वर्तमानपत्र घडी घालताना आत चिठ्ठी सापडली. संयोगिताचे अक्षर: "अक्काची आहे. परत द्यायची. विसरू नये."

तरी विनंती की ती साडी परत मागू नये. दिवाळीपूर्वी चार दिवस येऊन कपाटातील कोणतीही, कितीही न्यावी. ते मला एकट्याला लावता येत नाही. चिठ्ठी मात्र मी देणार नाही.