दारावरचा लिंबाचा पाला

अनसिंग, चैत्रातला शुक्रवार, सन १९३१

आज माह्या नातीचा, मार्थाचा, गोवर उतरला. नऊ दिवस मी येसूची प्रार्थना केली, आन् नऊ दिवस दारावर कडूलिंबाचा पाला बी खोसून ठेवला. गोवराची देवी, मातामाय, कोपते म्हनून घरात फोडनी दिली नाई. बाप्तिस्मा घेऊन सात वर्सं झाले, तरी हात पाल्याकडंच गेला.

पाळकबुवानं इचारलं, "आजी, हा पाला कोनासाठी?"

"बकरीसाठी," मी म्हनलं.

आता ते म्हनतात, रविवारी चर्चात उभ्या राहा, पोरगी प्रभूनं वाचवली अशी साक्ष द्या. सून म्हनते, "आत्याबाई, पाल्याचं नका सांगू."

मंग वाचवलं कोनं? पाल्यानं म्हनावं, तर माहा थोरला लेक गोवरानं त्याच पाल्याखाली गेला. तवा तर मी पक्की मातामायची होती. हे ठाऊक असून आता पाला काहून लावला? प्रभूवर भरोसा नव्हता का? का नुसतं भेव? काई समजून नाई राह्यलं.

पाला अजून दारावरच हाये, वाळून गेला. काढाले हात होत नाई.

रविवारी बकरीचं खोटं आधी सांगीन. मंग म्हनीन, प्रभूले पाल्याखालून वाकून या लागलं, पन आला.