संध्याकाळचा आकडा

४ डिसेंबर

पोरगी फुंकतच नाई! चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात सकाळी नऊपासून लाईन, नंबर लागला साडेबाराले. श्वास मोजाच्या मशीनवाल्या निकेशनं दिव्यानीच्या नाकाले चिमटा लावला, तोंडात नळी दिली. समोर मशीनच्या काचेवर चित्रातल्या मेणबत्त्या पेटलेल्या. "बेटा, सगळ्या विझव." हिनं दोन विझवल्या अन् हसाले लागली. चिमटा पडला. मी म्हटलं, "जोरानं फुंक ना वं! जेवली नाईस का?" निकेश म्हणे, "आजी, तुमी बाहेर बसा." काऊन बाहेर? माझी नात नोय का? तिले शिकवाले मी हवेत फुंकून दाखवलं, तर मलेच ठसका लागला. सगळी लाईन हसली.

सहा वर्षांच्या लेकरायले मशीन लवकर जमत नाई म्हणे. डॉक्टरीणबाईनं घरी न्याले प्लास्टिकची साधी नळी दिली. फुंकलं की बाजूचा काटा वर सरकते. सकाळी तीनदा, संध्याकाळी तीनदा, सगळ्यात वरचा आकडा कागदावर लिहायचा. कागद घेऊन महिन्यानं या. इचारत होती — घरी चूल? विडी? उदबत्ती? मी म्हटलं, गॅस आहे, विडी कोणी ओढत नाई. माझी सून साधना पण मान हलवत होती.

आकडे मी घेणार म्हणून सांगितलं. साधना दिवसभर कापडाच्या दुकानात असते. चौथी शिकली मी, आकडे येतात मले. आधी या जुन्या वहीत लिहितो, मग त्यायच्या कागदावर उतरवतो. बाकीचं मनातलं पण इथीच.

५ डिसेंबर

सकाळ ११५. संध्याकाळ १००.

छातीतल्या नळ्या आवळल्या म्हणे. आवळल्या तर सैल करा ना! पंप दिला, तो तर मी देतोच. पण शाळेतून आली की धुरी पण देतो. गोवरीचा निखारा, ओवा, लसणाची टरफलं, कडुनिंबाचा पाला. शेगडी मधात अन् चादरीखाली आम्ही दोघी. धुरी म्हणजे काई धूर नोय, औषध आहे. तीस वर्षं झाले, या वस्तीतलं एक बाळ नाई जे मी पायावर घेऊन न्हाऊ घातलं नाई, धुरी दिली नाई. साधनाले वास आवडत नाई. शिकलेली आहे ना! ती सातले येते, तोवर दारं उघडून वास घालवतो.

९ डिसेंबर

सकाळ ११०. संध्याकाळ ९५. खोकून खोकून डोळे लाल.

११ डिसेंबर

१०५. ९५.

अंकुश कोळशाच्या खाणीतून ड्यूटी करून आला, खिडकीवर बोट फिरवलं, माझ्यासमोर धरलं. काळं! "आई, आपल्या घुग्घुसची धूळच पोरीले खाऊन राह्यली." लेक माझा बोलते कमी, पण हे बोलला. मी तशीच रोडवर गेली. कोळशाचा ट्रक उभा, वर ताडपत्री नाई. ड्रायव्हरले म्हटलं, "तुझी माय श्वास घेते का रे इथी?" तो म्हणे, "बाई, माझी माय सिरोंचाले राहते." चांगलं आहे तिचं!

१५ डिसेंबर

साधना दिव्यानीले घेऊन माहेरी गेली, चिमूरकडं. भावाच्या घरी बारसं. नळी पण नेली. घरात करमत नाई. दोनदा चहा केला, दोनदा फेकला.

२० डिसेंबर

आले. साधनानं कागद समोर ठेवला, संध्याकाळचे आकडे — १२०, १३०, १४०, १४५, १५०. मी म्हटलं, "तुले काटा पाहता येत नाई." ती म्हणे, "आई, मले बारावीपर्यंतचे आकडे येतात."

जेवताना म्हणाली, "तिले तिकडंच शाळेत टाकू. तिकडं ना खाण ना ट्रक. भाऊ हो म्हणते. पाच तारखेले डॉक्टरीणबाईले कागद दाखवू अन् ठरवू." अंकुश पोळीकडं पाहत बसला. जन्मल्यापासून पोरगी माझ्या कुशीत झोपते. दात पडला तर आधी मले दाखवते. अन् हे ठरवून मोकळे!

१५० तर मी इथी काढून दाखवतो.

२१ डिसेंबर

सकाळ १४५. संध्याकाळ ११५.

अंगण दोनदा धुतलं. खिडक्यायले ओल्या साड्या बांधल्या. धुरी पण दोनदा दिली, शाळेतून आल्यावर अन् साधना येण्याआधी.

२३ डिसेंबर

सकाळ १०५. संध्याकाळ ८५.

कागदावर १३० लिहिलं. इथी खरं लिहितो. मले माहीत आहे का केलं. कागद खराब दिसला की पोरगी गेली.

२४ डिसेंबर

पहाटेच दवाखान्यात पळावं लागलं. बरगड्या आत ओढून राह्यल्या होत्या, ओठ निळे. अंकुशनं गाडी काढली, साधना मागं पोरीले धरून. मी दारातच उभी. दुपारी आणलं घरी. मास्क लावून वाफेतून औषध दिलं म्हणे.

साधना कागद हातात घेऊन इचारते, "काल एकशे तीस होता. मग असं कसं झालं आई?"

मी म्हटलं, "मले का माहीत."

२६ डिसेंबर

मागच्या सांदीत गोवऱ्या काढाले गेली, पाय मुरगळला. टम्म फुगला. आता पलंगावर. धुरी राहिली तीन दिवसांची — परवा-काल दवाखान्याच्या धावपळीत, आज पायानं. दिव्यानीच नळी घेऊन माझ्यापाशी येते.

११०. ११५.

२८ डिसेंबर

१३०. १३५.

पाय ठणकते. ट्रक तेवढेच. खिडकीवर धूळ तेवढीच — पडल्या पडल्या बोट फिरवून पाहिलं.

३० डिसेंबर

१४५. १५०.

एकशे पन्नास! इथी, घुग्घुसात! मी पलंगावरूनच ओरडली. दिव्यानी जवळ आली अन् कानात म्हणते, "आजी, तुझा पाय बरा नको होऊ दे."

"काऊन वं?"

"मग धुरी नाई."

"धुरीनं तं बरं वाटते तुले!"

"नाई. चादरीत मी श्वास धरून ठेवतो. सुटला की खोकला येते."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तू म्हणे, हालू नको."

खेळाले पळाली. मी ही वही पहिल्या पानापासून वाचली, बोट ठेवून. मामाच्या घरी होती — वर. आली, धुरी — खाली. दोन धुऱ्या — अजून खाली, मग दवाखाना. पाय मुरगळला — वर. पुन्हा वाचली. कुठी चुकलं का पाहाले. नाई चुकलं. माझ्याच हातानं लिहिलं सगळं.

धूळ आहेच, तिचं पाप तिच्यापाशी. पण चादर माझी होती.

३ जानेवारी

१५०. १५५.

साधना खूश. "थंडी कमी झाली म्हणून असंन." मी म्हटलं, हो.

दुपारी शकुबाईचं बोलावणं. शेजारच्या गल्लीत राहते, काल तिचा नवा जन्मलेला नातू दवाखान्यातून घरी आला. लंगडत गेली. बाळाले पायावर घेतलं, तेल लावलं, न्हाऊ घातलं. मुठीएवढी छाती त्याची. वर-खाली, वर-खाली.

"कलाबाई, शेगडी कुठी तुझी?"

"फुटली."

"मग माझी पेटवतो."

"नको म्हटलं ना! तव्यावर कपडा गरम कर, त्यानं शेकतो."

"म्हातारी झालीस. आळस आला तुले!"

होऊ दे. पण खरं कारण तिथी पण नाई निघालं तोंडातून. शकुबाईच्या दोन्ही लेकी माझ्याच धुरीत वाढल्या. कोण खोकलं, कोण नाई, मी कधी इचारलंच नाई.

घरी आली अन् शेगडी खरंच फोडली. दिव्यानी पायरीवर बसून पाहत होती. तुकडे तिनंच उचलले.

४ जानेवारी

१५५. १५५.

उद्या चंद्रपूर. साधनाले सांगाले तीनदा तोंड उघडलं. एकदा इचारलं, मीठ झालं का बरोबर? एकदा म्हटलं, दळण आणाचं आहे. तिसऱ्यांदा तिनंच इचारलं, "काय झालं आई?" मी म्हटलं, पाय दुखते.

नाई जमत. बोलणं फेकाले जमते मले, हे नाई जमत.

ही वही रोज तांदळाच्या डब्यामागं ठेवतो. आज नळीपाशी ठेवतो. उघडी.

५ जानेवारी

सकाळ १६०.

वरची तारीख अन् आकडा माझ्या हातचा नाई, साधनाचा आहे. दवाखान्याच्या कागदावर पण तेवीस तारखेचं एकशे तीस खोडून पंच्याऐंशी केलं तिनं. इथी खाली लिहिलं आहे —

"आई, ही वही आज डॉक्टरीणबाईले दाखवू. संध्याकाळचा आकडा तुमीच घ्या."